सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे: माहिती साठवायला अजून चालतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणला माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. वीस वर्षांपूर्वी लोक लग्नाची सीडी करून घ्यायला यायचे, आता त्याच सीडीतलं पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला येतात. काउंटरवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. लोक ‘सीडी’ म्हणतात तेव्हा त्यात सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे सगळंच आलेलं असतं. जिथे फरक पडतो तिथे मी वेगळं सांगितलं आहे.

आमच्या जुन्या सीडी अजून चालतील का?

घालून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. दिसायला नवीकोरी सीडी बंद पडलेली असते आणि चाळणीसारखी ओरखडलेली धडधडीत चालते. पण एक गोष्ट मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आधीच मी विचारतो, “शेवटी अडकते ना?” डिस्कवर माहिती मधल्या भोकाकडून कडेकडे लिहिली जाते आणि खराब होण्याची सुरुवात बहुधा कडेकडून होते. बोटं तिथेच लागतात, दमट हवा तिथूनच शिरते. त्यामुळे लग्नाच्या डीव्हीडीत हळद छान दिसते, मंगलाष्टकं छान ऐकू येतात आणि पंगत सुरू झाली की चित्र चौकोन चौकोन होऊन थांबतं. डीव्हीडी शेवटी अडकायला लागली असेल तर ती आत्ताच उतरवून घ्या. पुढच्या पावसाळ्यानंतर मंगलाष्टकांचीही खात्री नाही.

एक सीडी किती वर्षं टिकते?

हा आकडा कोण सांगतंय त्यावर अवलंबून आहे. डब्यावर ५० वर्षं, १०० वर्षं असं छापलेलं असतं. डिस्क भट्टीसारख्या उष्ण, दमट पेटीत काही आठवडे ठेवायची आणि त्यावरून गणित मांडायचं, असा तो अंदाज असतो. १०० वर्षं थांबून कुणी पाहिलेलं नाही. सीडीचा पहिला प्लेयर जपानात १ ऑक्टोबर १९८२ ला विक्रीला आला, म्हणजे सगळा प्रकारच अजून पन्नाशीचा झालेला नाही.

मुख्य फरक छापील आणि लिहिलेल्या डिस्कमध्ये आहे. कंपनीतून येणारी गाण्यांची किंवा सिनेमाची सीडी साच्यातून दाबून काढलेली असते. तिच्यातले खड्डे प्लास्टिकमध्येच कोरलेले असतात, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर. ही डिस्क सहसा दीर्घायुषी. तरी अपवाद आहेतच: इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यातून १९८८ ते १९९३ च्या दरम्यान निघालेल्या बऱ्याच सीडी पुढे काशासारख्या तपकिरी पडल्या आणि वाचेनाशा झाल्या.

आपण घरी किंवा दुकानात लिहितो त्या सीडीत खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो. लेसर त्या थरावर ठिपके ‘भाजतो’. हा रंग ऊन, उष्णता आणि काळ यांनी फिका पडतो, कपड्याचा पडतो तसाच. वाऱ्या-पावसापासून दूर कपाटात ठेवलेल्या, २००३-०४ साली लिहिलेल्या चांगल्या सीडी माझ्याकडे आजही वाचल्या जातात. त्याच वर्षातल्या, रस्त्यावरच्या डब्यातून घेतलेल्या स्वस्त सीडी आठ-दहा वर्षांतच गेल्या होत्या.

तिन्ही डिस्क सारख्याच दिसतात. मग एकीवर ७०० एमबी आणि दुसरीवर २५ जीबी कसं मावतं?

अक्षर बारीक काढून. तिन्हींचा व्यास १२ सेंटीमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल, ब्लू-रेला ४०५ चा निळा-जांभळा. तरंगलांबी कमी तितका ठिपका बारीक. सीडीत शेजारच्या दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, डीव्हीडीत ०.७४, ब्लू-रेत ०.३२. जाड बोरूच्या जागी टाक आणि टाकाच्या जागी सुई घेतली, वही तेवढीच राहिली. एका थरात डीव्हीडीवर ४.७ जीबी, ब्लू-रेवर २५. थर वाढवले की डीव्हीडी ८.५ पर्यंत आणि ब्लू-रे ५०, १००, १२८ जीबीपर्यंत जाते.

४.७ जीबीची डीव्हीडी संगणकात ४.३८ का दाखवते? दुकानदाराने फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारा १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणून आकडा कमी दिसतो. हार्डडिस्कचंही तेच.

आजच्या काळात सीडीचा फायदा तरी काय?

लोक हा प्रश्न हसत विचारतात, म्हणून जरा लांबून सांगतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी उतरल्यावर पुढचे कित्येक दिवस लोक माझ्याकडे चिखलाने माखलेल्या वस्तू घेऊन येत होते. हार्डडिस्क, मोबाइल, कॅमेरे. एक काकू प्लास्टिकच्या पिशवीत सीडींची चवड घेऊन आल्या. कागदाची पाकिटं विरघळून सीडींना चिकटली होती, मधे लाल गाळ. त्या म्हणाल्या, “ह्यांचा आवाज आहे एकीत. कीर्तनाचा. कोणत्या ते माहीत नाही.” आम्ही बादलीभर स्वच्छ पाण्यात एकेक सीडी सोडली, कागद भिजवून सुटा केला, गाळ वाहू दिला, मऊ सुती फडक्याने भोकापासून कडेकडे टिपलं आणि भांडी निथळायच्या जाळीत रात्रभर उभ्या ठेवल्या. दोन-तीन सोडून बाकी चालल्या. कीर्तन चाललेल्यांत निघालं. त्याच घरातली हार्डडिस्क मात्र मला परत करावी लागली. ती मुंबईला डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा आणि तोवर चुकूनही वीज जोडू नका, एवढंच सांगू शकलो.

त्याचं कारण साधं आहे. हार्डडिस्कमध्ये माहिती आणि ती वाचणारं यंत्र एकाच डबीत असतं, एक बिघडलं की दुसरं अडकतं. सीडी म्हणजे नुसती माहिती. तिला मोटर नाही, सर्किट नाही, वीज नाही, चुंबकाशी घेणंदेणं नाही. ड्राइव्ह मेला तर दुसरा आणायचा.

दुसरा फायदा, आणि माझ्या मते आजचा सर्वांत मोठा: एकदा लिहून बंद केलेली डिस्क पुन्हा कुणीही बदलू शकत नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस संगणकात शिरले की जोडलेली हार्डडिस्कही खातात, पेनड्राइव्हही खातात आणि आपोआप जुळवून घेणारं क्लाउडही बिघडलेली फाइलच वर पाठवतं. कपाटातल्या डिस्कला ते हात लावू शकत नाहीत. घरातल्या पोराच्या हातून ‘डिलीट’ दाबलं जाण्याचीही भीती नाही.

शिवाय दरमहा भाडं नाही, पासवर्ड विसरायची भानगड नाही. माणूस गेल्यावर त्याचं खातं कुणालाच उघडता येत नाही, ही अडचण मी चार-पाच घरांत पाहिली आहे. सीडी कुणाच्या नावावर नसते. ज्याच्या कपाटात, त्याची.

मग तोटे?

पहिला तोटा मापाचा. १ टीबीची साधी हार्डडिस्क खिशात मावते. तेवढं सगळं सीडीवर टाकायचं तर सुमारे १,४३० सीडी लागतील. डीव्हीडी २१३. साध्या ब्लू-रे ४०. ब्लू-रेचा मूळ वेग सेकंदाला ४.५ एमबी, चौपट वेगाने लिहिलं तरी २५ जीबीला तेवीस-चोवीस मिनिटं. म्हणजे ४० डिस्कना साडेपंधरा तास, आणि दर वेळी ट्रे उघडून डिस्क बदलायला कुणीतरी बसलेलं हवं. एका मुलाच्या बारशाचं ४के चित्रीकरण आज शंभर जीबीच्या पुढे जातं. ते डीव्हीडीवर द्या म्हणणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि पेनड्राइव्ह देतो.

दुसरा तोटा मला जास्त सतावतो. डिस्क टिकेल, पण ती घालायची कशात? नव्या लॅपटॉपमधून ड्राइव्ह गेले त्याला बरीच वर्षं झाली. पॅनासोनिकने फेब्रुवारी २०२३ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये. आपल्याकडे नोएडाची मोझर बेअर एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांपैकी एक होती. २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून तिने भल्याभल्यांचे दर खाली आणले होते. तीही २०१८ मध्ये अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायला निघाली. कोऱ्या डिस्क आजही मिळतात, तैवानचे कारखाने चालू आहेत, पण गल्लीच्या तोंडावर मिळायच्या ते दिवस सरले.

तिसरा: सुधारणा करता येत नाही. एका फोटोचं नाव बदलायचं तर नवी डिस्क. फायदा म्हणून सांगितलेलीच गोष्ट इथे उलटते.

आणि चौथा तोटा माणसाचा. सीडी कपाटात ठेवली की आपण ती विसरतो. हार्डडिस्क आवाज करते, फोन ‘जागा संपली’ म्हणून ओरडतो. सीडी गप्प बसून खराब होते.

ओरखडे कोणत्या बाजूचे वाईट?

बहुतेकांना वाटतं चकचकीत बाजूचे. सीडीच्या बाबतीत उलट आहे. सीडीत माहितीचा थर वर, नाव लिहितो त्या बाजूला असतो, त्यावर फक्त लाखेचा पातळ मुलामा. खालून लेसर सव्वा मिलिमीटर प्लास्टिकमधून आरपार बघतो, त्यामुळे खालचा बारीक ओरखडा त्याला धूसरच दिसतो. त्यातून सीडीत चुका दुरुस्त करायची गणिती सोय आहे. सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड ती भरून काढू शकते. पण वरच्या बाजूला टोकदार बॉलपेनने ‘आईचा वाढदिवस’ लिहिलंत तर वाढदिवसावरच घाव. सीडी उजेडासमोर धरा. वर टाचणीएवढी भोकं लुकलुकताना दिसली तर तिथली माहिती गेली, ती कुठल्याही पॉलिशने येत नाही.

डीव्हीडीत थर दोन पातळ चकत्यांच्या मधे चिकटवलेला असतो, म्हणून वरून ती जास्त सुरक्षित. ब्लू-रेत तो खालच्या पृष्ठापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर, पण त्यावर कडक मुलामा असतो. ब्लू-रेवर टूथपेस्टचा प्रयोग अजिबात करू नका. सीडीच्या खालच्या बाजूला टूथपेस्ट कधीकधी उपयोगी पडते हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण तो शेवटचा उपाय.

मधल्या भोकापाशी चीर गेलेली डिस्क मात्र ड्राइव्हमध्ये घालायचीच नाही. ५२ पट वेगाचा ड्राइव्ह मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेतो. आत तिचे तुकडे झाले की डिस्क आणि ड्राइव्ह दोन्ही गेले.

पुसायची कशी?

भोकापासून कडेकडे, सरळ रेषेत. तव्यावर तेल फिरवतो तशी गोल गोल नाही. गोल ओरखडा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि लांबच लांब तुकडा एकदम खातो, आडवा ओरखडा प्रत्येक ओळीचा थोडाथोडाच भाग घेतो.

कोकणातल्या हवेत ठेवायच्या कशा?

अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या संस्थेने, निस्टने, २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी सांभाळायची पुस्तिका काढली. तिच्यात तापमान ४ ते २० अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के सांगितली आहे. जुलैत आमच्याकडे मीठसुद्धा वाहून जातं, तिथे ५० टक्के आर्द्रता कुठून आणायची! पण हाताशी आहे त्यात बरंच करता येतं. डिस्क कागदी पाकिटात किंवा फोटोच्या अल्बमसारख्या प्लास्टिकच्या खिशात ठेवू नका. प्लास्टिक दमटपणात पृष्ठाला चिकटतं. कडक डबी घ्या, पुस्तकासारखी उभी ठेवा. त्या डब्या घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या. डबा बाहेरच्या भिंतीच्या कपाटात नको, त्या भिंती पाझरतात. गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. मे महिन्यातली एक दुपार पुरते.

बुरशीही लागते. मध्य अमेरिकेतल्या बेलिझ देशात २००१ मध्ये सीडीच्या आतला थर खाणारी बुरशी सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. आपल्याकडे दिसते ती बहुधा वरवरची, पाकिटाच्या कागदावरून आलेली. पुसून जाते.

डिस्कवर नाव कशाने लिहू?

पाण्यावर आधारित शाईच्या, मऊ टोकाच्या सीडी-मार्करने. शक्यतो भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर, तिथे माहिती नसते. कागदी स्टिकर लावू नका. एका बाजूने सुटला की डिस्क डुगडुगते आणि ओढून काढलात तर सीडीचा थर त्याच्याबरोबर येतो.

कोरी डिस्क कोणती घ्यावी?

पुन्हा पुन्हा लिहिता येणारी, म्हणजे आरडब्ल्यू, जपणुकीसाठी घेऊ नका. ती पुसता येते, हाच तिचा दोष. सीडीत सोन्याचा परावर्तक थर आणि थॅलोसायनिन रंग असलेली सर्वांत टिकाऊ मानतात. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने तिला १०० वर्षांहून जास्त आयुष्य धरलं आहे, पण ती आता शोधून सापडत नाही. ब्लू-रे घेताना डब्यावर ‘एलटीएच’ लिहिलं असेल तर घेऊ नका. त्यात सीडीसारखाच सेंद्रिय रंग असतो. साध्या ब्लू-रेत असेंद्रिय थर असतो, तो उन्हाला जुमानत नाही.

‘एम-डिस्क’ म्हणून एक प्रकार आहे, १,००० वर्षांचा दावा असलेला. दगडासारख्या थरात कोरते म्हणतात. बनवणारी मूळ अमेरिकन कंपनीच २०१६ मध्ये बुडाली, पण नाव आणि डिस्क दुसऱ्या कंपन्यांकडून चालू राहिली. महाग आहे. १,००० वर्षांचं मला काही करायचं नाही, पण लग्नाचे निवडक फोटो आणि घराची कागदपत्रं यांच्यासाठी एखाददुसरी घ्यायला हरकत नाही.

लिहिताना काय काळजी घ्यायची?

सर्वांत वरचा वेग निवडू नका, १६ पटीची डीव्हीडी ८ पटीने लिहा. चालू असताना संगणकावर दुसरं काही उघडू नका. लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ची खूण असते ती ठेवा, वेळ दुप्पट लागतो पण लिहिलेलं खरंच वाचता येतंय का ते तिथेच कळतं. आणि डिस्क बंद करा, म्हणजे ‘फायनलाइज’. ते न केलेली डीव्हीडी तुमच्या संगणकात चालते आणि सासरच्या प्लेयरमध्ये चालत नाही.

फायलींच्या नावांचं मराठी माणसाने खास बघायचं. सीडीची मूळ जुनी पद्धत फक्त इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे ओळखते. तिच्यावरची जोलिएट पद्धत देवनागरी घेते, पण ६४ अक्षरांपर्यंतच. आणि संगणकाचं अक्षर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. ‘गणेशोत्सव’ डोळ्यांना पाच अक्षरं, संगणक मात्र काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजून नऊ धरतो. ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ विसर्जन मिरवणूक दुसरा दिवस संध्याकाळ’ असं नाव दिलंत तर शेवटच्या ‘.mp4’ सकट ते ६४ च्या पुढे जातं आणि शेवट तुटतो. यूडीएफ ही नंतरची पद्धत निवडा आणि नावं आखूड ठेवा.

सीडी उघडली, फाइलही उघडली, पण मराठीच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं!

सीडी चांगली आहे. फाँट हरवला आहे. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम यांचे फाँट आपापली वेगळी संकेतप्रणाली वापरत. फाइलीत असतात इंग्रजी चिन्हंच, फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फाँट नसला की ‘{’ आणि ‘¶’ अशा खुणांची खिचडी. सीडीवर फाइलीशेजारी ‘फाँट’ नावाचं फोल्डर आहे का बघा, जुने डीटीपीवाले बरेचदा ते टाकून ठेवत. नसेल तर तो फाँट शोधायचा आणि युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनातून काढायचं. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावेच लागतात. इथल्या एका संस्थेची स्मरणिका आम्ही अशी सोडवली. डिस्कने २० वर्षं काम चोख केलं होतं, अडचण अक्षरांची होती. म्हणून जपायचं असेल तर मजकुराची युनिकोड प्रत आणि सोबत पीडीएफ, दोन्ही ठेवा.

हॉस्पिटलने एमआरआयची सीडी दिली आहे. फोटो काढून घेतले तर चालेल?

नको. त्या सीडीत डायकॉम पद्धतीच्या फायली असतात, डॉक्टर त्यात उजेड कमी-जास्त करतात, मापं घेतात. स्क्रीनच्या फोटोत त्यातलं काही उरत नाही. पूर्ण सीडी, सगळ्या फोल्डरांसकट, जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. पुढच्या डॉक्टरांकडे संगणकाला ड्राइव्ह नसेल, हे धरूनच चाला.

कोर्टात सीडी पुरावा म्हणून चालते का?

चालते, पण नुसती नाही. कायद्यात प्रकाशीय माध्यमाचा शब्दशः उल्लेख आहे. याबाबतचा गाजलेला निकाल आपल्या जालन्याचाच आहे: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभेचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत भरला की नंतर, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी पुढे आल्या. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात हजर करत नसाल तर भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र लागणारच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हे कलम ६३ झालं आणि प्रमाणपत्रात फाइलीची हॅश संख्याही द्यायची आहे. हॅश म्हणजे फाइलीचा अंगठ्याचा ठसा, एक टिंब बदललं तरी ती बदलते. न बदलणारी डिस्क आणि तिची हॅश ही जोडी इथे शोभते. बाकी वकिलांना विचारा, मी कॅमेरावाला आहे.

अडकणाऱ्या डिस्कमधून काय काय वाचवता येतं?

आधी पुसा. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. ड्राइव्हांच्या नजरेत फार फरक असतो. माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपचा एक ड्राइव्ह आहे, त्याचं तोंड उघडायला पिन लागते, पण नव्यांनी हात टेकलेल्या डिस्क तो वाचतो. तरीही अडलं तर फाइल ओढून कॉपी करत बसू नका, एका वाईट जागी सगळं थांबतं. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम चांगला भाग आधी उचलतो आणि वाईट भागाकडे नंतर पुन्हा पुन्हा जातो. तीच प्रत अर्धवट ठेवून दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालवता येते; एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. रात्रभर चालू द्या.

लग्नाची व्हीसीडी-डीव्हीडी संगणकावर कशी उतरवायची?

व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरात डॅट फाइल असते, व्हीएलसी प्लेयरमध्ये ती सरळ चालते. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर आणि आत १-१ जीबीच्या व्हीओबी फायली. आधी फोल्डर जसंच्या तसं उतरवून ठेवा, रूपांतर मग निवांत करा. हँडब्रेक नावाच्या प्रोग्रामने एमपी४ होतं. चित्र मोठ्या टीव्हीवर धूसर दिसेल. व्हीसीडीचं चित्रच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. दुकानदार तुम्हाला ‘एचडी करून देतो’ म्हणाला तर पैसे जपून ठेवा.

ड्राइव्ह कुठून आणू?

यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी-रायटर ऑनलाइन मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा. ब्लू-रेचा ड्राइव्ह घेतलात तर तो बहुतेक वेळा सीडी-डीव्हीडीही वाचतो. घेणारच असाल तर दोन घ्या, एक डबीत.

तुम्ही स्वतः काय करता?

घरचे सगळे फोटो दोन हार्डडिस्कवर, त्यातली एक रत्नागिरीला बहिणीकडे. शंभर-दोनशे निवडक फोटो, आईबाबांचे आवाज, सातबारा आणि घराचे कागद एवढं दर दिवाळीला एका ब्लू-रेवर. सोबत हॅशची यादी छापून त्याच डबीत. दर दोन वर्षांनी जुनी डिस्क घालून यादीशी ताडून बघतो, एक फाइल जरी चुकली तरी नवी लिहितो. गेल्या वेळी २०१६ ची सगळी बरोबर निघाली. २०१२ ची डीव्हीडी एका फोटोवर अडली, तो हार्डडिस्कवर होता.

बाद झालेल्या सीडींचं काय करायचं?

शेतात दोऱ्याला बांधून पाखरं उडवायला टांगतात, गच्चीवर कबुतरांसाठीही. चालतं. पण आधारचं स्कॅन किंवा बँकेचे कागद असलेली डिस्क तशीच लटकवू नका. आधी वरच्या बाजूला चिकटपट्टी दाबून लावा आणि खसकन ओढा. सीडीचा थर पापुद्र्यासारखा निघून येतो. डीव्हीडीचा येत नाही, ती जुन्या कापडात गुंडाळून कात्रीने कापा, तुकडे डोळ्यांत उडतात. उरलेलं ई-कचऱ्यात द्या, पॉलिकार्बोनेट जाळू नका.